शंभर मार्कांचं कार्ड

थंडी पडायला लागली की आमच्या भागातला वारा गोड होतो. यात काव्य काही नाही, निव्वळ भूगोल आहे. गडमुडशिंगीच्या आसपासच्या मळ्यांत गुऱ्हाळं पेटतात, काहिलीत उसाचा रस उकळायला लागतो आणि तो वास कुणालाही न विचारता घरात येऊन बसतो. "खिडकी लावा बघू, पडद्यांना चिकटतोय तो," बायको म्हणते. मी खिडकी लावतो. मग गच्चीवर काही वाळत राहिलंय का बघून येतो असं सांगून वर जातो आणि अर्धा तास नाक वर करून उभा राहतो. शेजारच्या बाईंना वाटतं, मी सूर्याची उपासना करतो. वाटू दे. या वयात आपल्याबद्दल कुणाचा चांगला गैरसमज झालाच तर तो दूर करायच्या भानगडीत पडू नये.

गुळाच्या वासानं लोकांना गरम काकवी आठवत असेल, मामाचा मळा आठवत असेल, फार खाल्ल्यामुळं बिघडलेलं पोट आठवत असेल. मला टेलिफोन आठवतो. तोही इथला नव्हे, स्वीडनचा. बर्फात उभी असलेली काचेची एवढीशी खोली, तीत माझी थोरली बहीण, एका हातातला मोजा काढून दातात धरलेला आणि यंत्राच्या फटीत सरकवलेलं एक कार्ड. हे मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण तिच्या पत्रांतून इतक्यांदा पाहिलंय, की आजही गुऱ्हाळाचा धूर दिसला की मला उगाच थंडी वाजते.

परवा भाचीचा फोन आला होता. चेहरा दिसतो तो फोन. भाजीत मीठ जास्त पडलंय हे तिनं कढई कॅमेऱ्यासमोर धरून मला दाखवलं. मीठ दिसत नव्हतं, पण मी मान हलवली. मग तिनं खिडकीबाहेरचं मांजर दाखवलं. पाचेक मिनिटं झाली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बरं, ठेव आता. संपंल."

"काय संपेल, मामा?"

खरंच, आता बोलताना काहीच संपत नाही. बोलणाराच संपतो. तिच्या आईनं एकेकाळी काय काय मोजून आमच्याशी बोलणं केलं, ते त्या मांजराच्या समोर कुठून सांगायला सुरुवात करायची?

म्हणून इथं सांगतो.

तिची आई म्हणजे शैलजा, आमची अक्का. आमच्या घरात शिकणारी ती, आणि शिकायला बसणारा मी. या दोन गोष्टींतला फरक दरवर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला निकालाच्या कागदावर दिसायचा. अक्काच्या कागदावरचे मार्क वडील, म्हणजे अप्पा, दोनदा वाचून घ्यायचे. माझे एकदाच, आणि तेही उभ्या उभ्या. अप्पांची स्वतःची शाळा चौथीत सुटलेली. पण 'मार्क' हा शब्द ते असा उच्चारायचे, की देवाचं नाव घेताना सुद्धा माणूस इतका सावध होणार नाही. अक्काचे सगळे निकाल शेताच्या कागदांबरोबर पत्र्याच्या ट्रंकेत असायचे. माझे कुठं असायचे ते मलाही माहीत नाही. शोधायची इच्छाही नाही.

माझं नाव शिवानंद. अप्पा मला 'शिव्या' म्हणत. रागावले की शिव्या देत. त्यामुळं लांबून ऐकणाऱ्याला ते मला बोलावतायत की झाडतायत, याचा पत्ता लागायचा नाही. जवळून मलाही लागायचा नाही.

अप्पा गुळव्या होते. हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. काहिलीतला रस उकळून घट्ट होतो आणि एक क्षण असा येतो, की त्याच क्षणी काहील चुलाणावरून उतरवावी लागते. आधी उतरवली तर गूळ बसत नाही, नंतर उतरवली तर काळा पडतो. तो क्षण ओळखतो तो गुळव्या. घड्याळ नाही, काटा नाही. थंड पाण्यात चार थेंब टाकायचे, बोटांत त्यांची गोळी वळायची आणि सांगायचं, "उतरा." अप्पांच्या गुळाचा रंग बघून कोल्हापूरच्या बाजारात लोक न विचारता ओळखायचे, हा मुडशिंगीच्या गुळव्याचा. ते गावात कधी स्वतःविषयी बोलले नाहीत. त्यांचा गूळ बोलायचा, आणि तो चांगलाच बडबड्या होता.

अक्का लहानपणी तासन् तास त्या काहिलीजवळ बसायची. "अप्पा, तुम्हाला कसं कळतंय?" असं रोज विचारायची. "कळतंय की," हे अप्पांचं रोजचं उत्तर. त्या उत्तरानं समाधान न झाल्यामुळंच ती पुढं इंजिनियर झाली असं माझं मत आहे. तिनं धातूंचा विषय घेतला. वितळलेलं लोखंड कधी ओतायचं, किती वेळ थंड होऊ द्यायचं, त्याचं पुढं काय होतं. ती म्हणायची, "शिवा, आपलंच काम हाय बघ हे. फक्त चाटता येत न्हाय."

याच शिक्षणासाठी तिला वर्षभराची शिष्यवृत्ती मिळाली आणि नव्वदच्या दशकातल्या एका दिवाळीच्या तोंडावर ती स्वीडनला गेली. गावाचं नाव शिष्यवृत्तीच्या कागदावर होतं ते मी 'जोनकोपिंग' असं ठणकावून वाचून दाखवलं. अक्कानं पहिल्याच फोनवर सुधारलं, "अरे, तसं न्हवं. यन्शॉपिंग." ही सुधारणा दुसऱ्या दिवशीपर्यंत गावभर झाली. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. तिला पाणवठ्यावर एक बाई म्हणाली, "काय गं, तुझी लेक शॉपिंगला गेलीया म्हणं? वरीसभर?"

अव्वा शांतपणे म्हणाली, "व्हय. मोठा बाजार हाय त्यो."

आमच्या घरी फोन नव्हता. एस.टी. थांब्याजवळ बसगोंडा अण्णांचं किराणा दुकान होतं, त्यात पिवळ्या पाटीचा फोन. दर रविवारी तिकडं सकाळचे दहा वाजले की इकडं दुपारचे अडीच होत, आणि त्या वेळेला तो फोन आमचा असे. साखरेची पोती आणि घासलेटचा डबा यांच्यामध्ये एक स्टूल ठेवलेलं असायचं, त्यावर अव्वा पदर सारखा करून बसायची. फोटो काढायला बसावं तशी. अण्णा गिऱ्हाइकांना दरडावायचे, "जरा गप ऱ्हावा की, पावणं! स्वीडन यायला लागलंय."

बसगोंडा अण्णांच्या मते स्वीडन हे एस.टी.सारखं यायचं.

आता कार्डाचं सांगतो. अक्का गेल्यावर तीनेक आठवड्यांनी तिचं पहिलं जाडजूड पत्र आलं. आत दुमडलेल्या कागदांमध्ये प्लॅस्टिकचं एक कार्ड होतं. पत्त्याच्या पानापेक्षा लहान. वर बर्फानं वाकलेली झाडं, कोपऱ्यात सोनेरी चकतीचा एक तुकडा. अक्कानं लिहिलं होतं, की इथं रस्त्यावरच्या फोनमध्ये हे घालतात. आधी नाणी टाकायची पद्धत होती, आता हे आलंय. कोपऱ्यावरच्या टपरीत, जिथं पेपर आणि चॉकलेटं मिळतात तिथं हे विकत मिळतं. यात बोलण्याचे शंभर भाग भरलेले असतात. बोलत गेलं की फोनच्या छोट्या पडद्यावर ते उलटे मोजत उतरतात आणि शून्य झालं की फोन बंद. मग कार्ड टाकून देतात. "मी टाकलं न्हाय," तिनं लिहिलं होतं. "ह्यातनं मी तुमच्याशी बोलले, म्हणून तुमच्याकडं पाठवलंय."

पत्र वाचून दाखवायचं काम माझं. अव्वा चुलीपुढं, अप्पा उंबऱ्यापाशी. आता बघा, त्या कार्डावर शंभराचा आकडा होता आणि त्यापुढं एक लांबलचक स्वीडिश शब्द. त्या शब्दाची पहिली चार अक्षरं मला ओळखीची वाटली. मार्क. पुढची अक्षरं मी सोडून दिली. परीक्षेतसुद्धा मी असंच करायचो. 'बोलण्याचे भाग' हे काही मला भारदस्त वाटेना. म्हणून मी अक्काचं वाक्य माझ्या विद्वत्तेनं सुधारून वाचलं, "ह्यात शंभर मार्क असत्यात. आपण बोलंल तसं मार्क कमी हुत्यात."

एका शब्दानं माणूस किती नुकसान करू शकतो याचं उदाहरण म्हणून मला शाळाशाळांतून फिरवायला हरकत नाही.

अव्वानं त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग घेतला. दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्या गल्लीला साखर वाटली. "आमच्या शैलाला शंभरातलं शंभर मार्क पडल्यात. तिथल्या सरकारनं कार्ड दिलंय." लोक कार्ड हातात घेऊन बघायचे, सोनेरी चकतीवर नख घासायचे. "खरंच सोनं हाय व्हय?" मी तिला खरं काय ते सांगायला हवं होतं. पण आमच्या घरातल्या कुणाला तरी शंभर पडलेत हे ऐकताना मलाही इतकं बरं वाटत होतं, की मी म्हटलं, साखर संपू दे, मग सांगू.

अप्पांनी दुसरा अर्धा भाग घेतला. ते मला मागाहून कळलं. त्या संध्याकाळी त्यांनी कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि एवढंच विचारलं, "बोललं की कमी हुत्यात?"

"व्हय."

"परत भरून येत न्हाईत?"

"न्हाईत. गेलं ते गेलं."

त्यांनी कार्ड दोन बोटांत धरून परत दिलं. काहिलीतनं नुकतं काढल्यासारखं.

तेव्हापासून दर रविवारी तोच खेळ. फोन वाजायचा. अव्वा ओरडायची, "शैला, जेवलीस का?" तिकडं नुकती न्याहारी झालेली असायची, पण अक्का दर वेळी "व्हय" म्हणायची. मग "थंडी हाय का?" थंडी इतकी असायची, की काचेवर तिच्या श्वासाचं बर्फ व्हायचं. "हाय जराशी," अक्का म्हणायची. मधूनच तिचा आवाज यायचा, "सत्तर उरलेत... पंचावन्न... शिवा, अप्पा आलेत का?"

"गुऱ्हाळात आधणावर हाईत."

"बरं." मग थोडी शांतता. त्या शांततेतसुद्धा आकडे उतरत असायचे.

मीही फारसा उपयोगाचा नव्हतो. आठवडाभर काय विचारायचं याची यादी करून जायचो आणि फोन हातात आला की "हॅलो, मी शिवा बोलतोय" हे तीनदा सांगण्यात माझा वाटा संपवायचो. अण्णा नंतर म्हणायचे, "ती तुझी बहीण हाय रं. तिला म्हाईत हाय तू कोण ते."

दर पंधरा दिवसांनी नवं पत्र, नवं रिकामं कार्ड. तांबडं लाकडी घर. दिव्याचा खांब आणि समुद्र. एकावर शिंगांचं मोठं जनावर होतं, अंगानं म्हशीएवढं आणि चेहऱ्यानं आमच्या हेडमास्तरांसारखं. गोठ्यात उभं राहून आम्ही त्याच्यावर बराच खल केला. "दूध किती देत आसंल?" हा अव्वाचा प्रश्न अक्काला विचारण्यात एका रविवारचे बरेचसे आकडे गेले. आणि मग अव्वानं त्या सगळ्या कार्डांना दाभणानं भोकं पाडली, दोऱ्यात ओवली आणि दारावर तोरण बांधलं. वाऱ्यावर ती कार्डं एकमेकांवर आपटून टकटक वाजायची. मांगल्याला आंब्याची पानं असतात, आमच्याकडं ती दिवाळीनंतरची सगळी थंडी स्वीडन टांगलेलं होतं.

पुढं बऱ्याच वर्षांनी अक्काला तिकडं एका परिषदेला जायचं होतं, तेव्हा सामानाबरोबर तिनं मलाही नेलं. एका रविवारच्या जुन्या बाजारात एक आजोबा टेबलावर वह्या मांडून बसले होते. वह्यांत कार्डंच कार्डं. अक्का त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलत होती, मी कौतुकानं ऐकत होतो आणि काहीच कळत नसल्यानं योग्य त्या ठिकाणी हसत होतो. आजोबांनी सगळा इतिहास सांगितला. नाण्यांच्या पेट्या फोडून चोऱ्या व्हायच्या, यंत्रं नाण्यांनी भरून अडायची, म्हणून कार्डं आली. मग कार्डांवर चित्रं आली, चित्रांनंतर जाहिराती, आणि जमवणारे आले. मग खिशातले फोन आले आणि काचेच्या खोल्या एकेक करून उचलून नेल्या गेल्या. शिंगवाल्या जनावराचं कार्ड त्यांच्याकडंही होतं. मी अक्काकरवी सांगितलं, की हे आमच्या दारावर होतं, भोक पाडून. त्यांनी छातीवर हात ठेवला. भोक पडलेल्या कार्डाला किंमत राहत नाही म्हणे. अक्का त्यांना काहीतरी म्हणाली आणि ते माझ्याकडं बघायला लागले. मी विचारलं, "काय सांगितलंस?" ती म्हणाली, "काही न्हाय. ह्याच्यामुळं माझे वडील माझ्याशी बोलायचे थांबले होते, असं सांगितलं."

तर ते थांबणं.

संक्रांत झाली आणि अक्कानं पत्रात एक वेगळी गोष्ट लिहिली. तिथल्या प्राध्यापकांना तिचं काम आवडलं होतं. आणखी एक वर्ष राहिली तर पदवी पुरी होणार होती, सगळी सोय तेच करणार होते. होय की नाही, ते तिला पाडव्याच्या आत कळवायचं होतं. "अप्पांना विचारा," तिनं लिहिलं होतं. "त्यांनी स्वतः फोनवर सांगितलं तरच राहीन. एवढा सीझन झाला, एक शब्द बोलले न्हाईत. रागावले असले तर मी परत येते."

हे मी अप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं. "मी काय सांगू? तिला कळतंय की," म्हणाले आणि चुलाणाला चिपाडं कमी पडतायत म्हणून निघून गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या रविवारी अक्का म्हणाली, "शिवा, पुढच्या सोमवारी मला उत्तर द्यायचंय. अप्पा रविवारी आले न्हाईत तर मी न्हाय म्हणून सांगणार." आवाज असा, की मी यादी विसरलो. अव्वानं स्टुलावरच डोळे पुसले, आणि अण्णांनी त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला साखरेऐवजी मीठ बांधून दिलं.

मी तडक गुऱ्हाळावर गेलो. आयुष्यात पहिल्यांदा अप्पांवर आवाज चढवला. "तुमची लेक तिकडं बर्फात उभी ऱ्हाऊन वाट बघतीया! आन् तुम्हाला दोन शब्द बोलायला जड जातंय? काय घोडं मारलंय तिनं तुमचं?"

अप्पा रसावरची मळी काढत होते. हात थांबला नाही. "शिव्या, वरडू नगंस. मला काय बोलायची हौस न्हाय व्हय?"

"मग?"

"मार्क कमी हुत्यात न्हवं तिचं?"

"कुणाचं?"

"तिचं! तूच वाचलंस की. शंभर हाईत आन् आपण बोलंल तसं कमी हुत्यात. तुझी आई बोलती, तू बोलतूस, जनावराच्या दुधाचं बी इचारता. तिथं पोरगी आकडं सांगती म्हणं, सत्तर ऱ्हायलं, पन्नास ऱ्हायलं. कुणाला काय वाटंना त्याचं. म्या ठरीवलं, निदान माझ्यापायी तिचा एक मार्क जाता कामा न्हाय."

मी खाली बसलो. चिपाडांच्या ढिगावर. सबंध थंडी हा माणूस रविवारी दुपारी इथं उभा होता. अडीच वाजले की दुकानाकडं बघत असणार. आपण गप्प राहिलो म्हणजे पोरीचे मार्क राखले, या समाधानात. गूळ जसा राखतात, रंग न उतरू देता.

मी सगळं सांगितलं. मार्क कार्डाचे, अक्काचे नव्हेत. संपले की टपरीत नवं मिळतं. शब्द माझा, चूक माझी. अप्पांनी ऐकून घेतलं, मळीचा झारा बाजूला ठेवला आणि माझ्या नावानं किंवा माझ्या नावाच्या अनेकवचनानं जे काही बोलले, ते इथं लिहिता येण्यासारखं नाही. पण शेवटी म्हणाले, "ऐतवारी किती वाजता?"

त्या रविवारी ऊस आमचाच होता. अप्पांनी सगळा हिशेब बांधला होता. पहाटे उसाचा चरक सुरू, दोनच्या आधी आधण उतरलं पाहिजे, म्हणजे हातपाय धुऊन अडीचला दुकानात. धुतलेलं धोतर, टोपी, सगळं खुंटीला अडकवून ठेवलं होतं. पण आदल्या रात्री दाट दव पडलं होतं. चिपाडं ओलसर. जाळ धरेना. दोन वाजले तरी रस नुसता फसफसत होता. सव्वादोनला त्याला रंग चढायला लागला. म्हणजे नेमका अडीचलाच तो क्षण येणार होता.

अप्पा एकदा काहिलीकडं बघत, एकदा रस्त्याकडं. चार गडी काहील उतरवायला दांडे धरून तयार. उकळत्या काहिलीला सोडून गुळव्या गेला, असं त्यांच्या आयुष्यात झालं नव्हतं. तापात उभे राहिले होते, बोटाला कापड गुंडाळून उभे राहिले होते.

त्यांनी रस ढवळायचं फावडं माझ्या हातात दिलं.

"अप्पा, मला कळत न्हाय."

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले, आणि खुंटीवरचं धोतर तिथंच सोडून, राखेनं भरलेल्या पायांनी निघाले. चालत नाही, पळत. अप्पांना पळताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

त्यामुळं त्या फोनवर काय झालं ते मी ऐकलेलं नाही. जे कळलं ते तुकड्यातुकड्यांनी. अण्णांनी सांगितलं, "पयल्यांदा त्यो बोललाच न्हाय. नुस्ता हुंकार. मग म्हणाला, पायात काय घालतीस? मग गुळाचं काढलं. दिवाळीपास्नं कुठलं आधण कसं उतरलं, एकेक सांगाय लागला. फोनची काय गरज न्हवती बघ, तसंच स्वीडनला ऐकू गेलं आसतं." अव्वानं सांगितलं, "मधीच गप झालं. लई येळ. म्या म्हटलं, संपलं कार्ड. तवर म्हणालं, 'ऱ्हा.'"

"एवढंच?"

"एवढंच. 'ऱ्हा.'"

अक्काला मी किती वर्षं विचारतोय, तिकडून काय ऐकू आलं. ती म्हणते, "ते शंभरच्या शंभर माझे होते. तुला कशाला सांगू?"

इकडं मी फावडं घेऊन उभा होतो. पाण्यात थेंब टाकले, गोळी वळली. वाटलं, झालं. मग वाटलं, अजून जरा. गडी म्हणाले, "उतरू?" मी म्हटलं, "थांबा की." मग करपट वास आला आणि मला, गुळव्याच्या पोराला, तो क्षण अखेर ओळखता आला. मागं वळून बघताना. गूळ वाफ्यात ओतला तो सरळ काळा. आमच्या गुऱ्हाळावर तसला रंग कुणी बघितला नव्हता. गडी एकमेकांकडं न बघता दांडे पुसत राहिले.

अप्पा परत आले तेव्हा ऊन कललं होतं. वाफ्याशी उकिडवे बसले, बोटानं टोकरून तोंडात टाकलं, चघळलं.

"जळला की रं."

"व्हय."

"बरं. टोपल्यात भर."

"कुठं टाकू न्हेऊन?"

"टाकतूस कशाला? गावात वाटायचाय."

"हा? अप्पा, लोक काय म्हणतील? तुमच्या हातचा म्हणून... उद्याच्या आधणातला वाटूया की, चांगला."

"उद्यापत्तोर कोण थांबतंय?" म्हणाले, आणि टोपलं स्वतः डोक्यावर घेतलं.

मी मागून चाललो. ज्या माणसानं कधी स्वतःच्या गुळाचीसुद्धा बढाई मारली नाही, तो डांबरासारखा काळा गूळ घेऊन दारोदार उभा राहत होता. लोक खडा तोंडात टाकायचे आणि त्यांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. "गुळव्या, आज काय काहिलीत झोपलातास व्हय?" कुणीतरी म्हणालंच. अप्पा म्हणाले, "खावा की गप. आमची शैला आजून एक वरीस तिथं शिकणार हाय. तिच्या मास्तरानं ठेवून घेतलीया." तेच वाक्य पुढच्या दारात. तेच त्याच्या पुढच्या. दर दाराला आवाज थोडा मोठा.

देवळामागच्या घरात एक म्हातारे राहायचे, त्यांना कमी ऐकू यायचं. अप्पांनी त्यांना तीनदा सांगितलं. दुसऱ्यांदाच त्यांना ऐकू गेलं होतं, त्यांनी मान हलवलेली मी पाहिली. अप्पांनीही पाहिली असणार.